घरात पुन्हा पुन्हा वटवाघूळ शिरतंय? आधी पंखा बंद करा, मग भोक शोधा

दिवेलागणीला हॉलमध्ये काहीतरी काळं भिरभिरतं. पोरं किंचाळतात, कोणी झाडू उचलतं, कोणी डास मारायची रॅकेट. अर्ध्या तासाने ते जसं आलं तसं नाहीसं होतं. सगळे म्हणतात, गेलं एकदाचं. तीन-चार दिवसांनी पुन्हा तेच, साधारण त्याच वेळी, बहुतेक त्याच खोलीत. ही पहिली तक्रार.

दुसरी तक्रार जरा शांत असते. वटवाघूळ दिसत नाही, पण खिडकीच्या कट्ट्यावर, एसीखाली किंवा कपाटामागे रोज सकाळी तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या पडलेल्या असतात. घरचे उंदराचं औषध आणून ठेवतात आणि उंदीर काही मरत नाही.

तिसरी तक्रार बंगलेवाल्यांची. पोर्चच्या भिंतीवर आणि गाडीच्या बॉनेटवर पिवळट-तपकिरी शिंतोडे, खाली चावून थुंकलेल्या चोथ्याच्या गोळ्या, उंबराच्या नाहीतर पेरूच्या बिया. आणि चौथी, जी मला सर्वांत नावडते: छताच्या आतून संध्याकाळी किचकिच, भिंतीच्या एका कोपऱ्यात उग्र, अमोनियासारखा वास.

नाशिकच्या सिडकोत माझं स्लायडिंग खिडक्या आणि मच्छरजाळ्यांचं छोटं दुकान आहे. १४ वर्षं हेच काम करतोय. वटवाघळांशी माझा काही संबंध नव्हता, पण लोक "जाळी लावूनसुद्धा आत येतंय, तुमची जाळी खराब" म्हणून मलाच फोन करतात. वर्षाला दहा-बारा तरी होतात असे फोन. त्यात जाळी फाटलेली निघते एखाद-दोन वेळाच. बाकी सगळीकडे वाट दुसरीच असते. ती कशी शोधायची ते स्वस्तापासून महागापर्यंत सांगतो. पण त्याआधी दोन गोष्टी.

हात लागला असेल तर पुढचं नंतर वाचा

वटवाघूळ चावलं, ओरखडलं, कोणी उघड्या हाताने पकडलं, किंवा ते अंगावर आदळून नख लागल्याची नुसती शंका असली, तरी ती जागा वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मिळते, आणि तिथे "वटवाघूळ होतं" हे स्पष्ट सांगा, कारण वटवाघळाचा थेट संपर्क गंभीर धरून लसीबरोबर सिरम (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यायचं का तेही डॉक्टर बघतात. याच्या दातांची खूण इतकी बारीक असते की कधीकधी दिसतही नाही. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचणं जवळपास अशक्य, आणि वेळेत पूर्ण घेतलेली लस मात्र वाचवते. म्हणून "छे, एवढंसं तर होतं" हे वाक्य इथे चालत नाही. झोपेतून उठल्यावर खोलीत वटवाघूळ सापडलं आणि त्या खोलीत तान्हं मूल किंवा स्वतःहून सांगू न शकणारं माणूस झोपलेलं होतं, तर काही दिसत नसलं तरी डॉक्टरांना विचारा. मांजराने धरून आणलं असेल तर मांजराला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या आणि त्याची लस झाली आहे का ते बघा.

घाबरवायला सांगत नाही. घरात शिरलेलं वटवाघूळ चावायला आलेलं नसतं. रक्त पिणारी वटवाघळं जगात तीनच जातींची, ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. आपल्याकडची लहान ती किडे खातात, मोठी ती फळं. चावतं ते पकडल्यावर.

आत्ता या क्षणी घरात असेल तर

पंखा बंद. सगळ्यात आधी पंखा. मी पाहिलेल्या मेलेल्या वटवाघळांपैकी निम्मी पंख्याने मारलेली होती, आणि पंखा लागून पडलेलं जखमी वटवाघूळ हेच उचलायला जाऊन लोक चावून घेतात.

मग पोरांना आणि कुत्र्या-मांजरांना दुसऱ्या खोलीत घालून मधलं दार लावा. दाराखाली फट असेल तर टॉवेल सारा. बाहेर उघडणाऱ्या सगळ्या खिडक्या पूर्ण उघडा, जाळीचा शटरही सरकवा. आतले दिवे घालवा. बाहेर रस्त्यावरचा किंवा गॅलरीतला उजेड असतोच, तेवढा पुरे. फळं खाणारं मोठं वटवाघूळ डोळ्यांनीच वाट काढतं, त्याला आत अंधार आणि बाहेर उजेड असला की खिडकी दिसते. लहान जात आवाजावर चालते. ती आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडते आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून अडथळा ओळखते. गोम अशी की उभी गुळगुळीत काच तिरक्या आलेल्या आवाजाला दुसरीकडेच वळवते, त्यामुळे वटवाघळाला तिथे काही नाहीच असं वाटतं. म्हणून ते काचेवर आदळत राहतं. अर्धवट उघडलेली खिडकी म्हणजे त्याच्या दृष्टीने एक खरी वाट आणि शेजारी एक खोटी. काच शेवटपर्यंत सरकवा, पडदा बाजूला करा.

आता तुम्ही खोलीतून बाहेर व्हा, किंवा भिंतीला टेकून खाली बसा. ते तुमच्या डोक्यावर झेप घेतंय असं वाटेल. खोलीत घिरट्या घालताना वटवाघूळ भिंतीजवळ उंच जातं आणि मधोमध खाली येतं, आणि आपण नेमके मधोमध उभे राहून झाडू फिरवत असतो. केसांत अडकतं वगैरे मी अजून एकदाही बघितलेलं नाही. वीस मिनिटांत बहुतेक वेळा ते जातं.

नाहीच गेलं तर दमून कुठेतरी टेकलेलं असतं. पडद्याच्या चुणीत, पडद्याच्या रॉडच्या वर, देवघराच्या फोटोमागे, दारामागे टांगलेल्या कपड्यांत बघा. सापडलं तर जाड चामड्याचे हातमोजे घाला, तोंड रुंद असलेला डबा किंवा बुटाचं खोकं त्याच्यावर अलगद ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा. अंधार पडल्यावर झाडाच्या खोडाला किंवा खडबडीत भिंतीला डबा टेकवून तिरका करा, म्हणजे ते स्वतः चढून बसेल. जमिनीवर ठेवू नका, अनेक जातींना सपाट जमिनीवरून सहज उडता येत नाही, त्यांना वरून सुटून उडायचं असतं. आणि दिवसा सोडू नका, कावळे फाडून खातात.

हातमोजे नाहीत, किंवा ते दिवसाढवळ्या जमिनीवर पडलंय आणि हलत नाही, तर इथेच थांबा. वर टोपली उपडी घाला, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आजारी वटवाघूळ हाताळणं हे आपलं काम नाही.

पहिली तपासणी, खर्च शून्य: काच आणि जाळी नेमकी कुठे थांबते

इंदिरानगरच्या एका मावशींकडे मी तीनदा गेलो होतो. दर वेळी जाळी तपासायचो, दर वेळी जाळी धड. तिसऱ्या वेळी त्यांनी चहाला बसवून घेतलं म्हणून संध्याकाळी सातपर्यंत थांबलो, आणि मग दिसलं. मावशींना वारा हवा पण धूळ नको, म्हणून त्या काच अर्धीच उघडायच्या. स्लायडिंग खिडकीत काच आणि जाळी वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात. काच पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडी असली की तिची उभी पट्टी जाळीच्या उभ्या पट्टीसमोर येते आणि मधली जागा झाकली जाते. काच मध्येच थांबली की दोन ट्रॅकमधली जागा वरपासून खालपर्यंत उघडी राहते. बोटभर रुंद आणि चार फूट उंच. डासांना हीच वाट, आणि डासांच्या मागे येणाऱ्यांनाही हीच.

तुमच्याकडे काय होतंय ते बघायला काच अर्धी सरकवा आणि जाळी-काचेच्या मध्ये बोट घाला. गेलं आरपार? मग लहान वटवाघळालाही जाता येईल. आपल्याकडच्या सगळ्यात छोट्या जातीचं वजन पाच ग्रॅमही भरत नाही. मावशींच्या चौकटीवर मी मार्करने दोन खुणा करून आलो, काच इथे किंवा तिथे, मध्ये नाही. त्यानंतर त्यांचा फोन आला तो दिवाळीच्या फराळासाठी.

याच वेळी जाळीच्या शटरचा ब्रश बघा. पट्टीला जी केसाळ पट्टी असते ती उन्हाने झिजते. नवी स्वस्तात मिळते आणि स्वतः बसवता येते.

दुसरी, तीही फुकट: दिवा कुठे आहे

वटवाघूळ घरात येत नाही, किड्यामागे येतं. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी ट्यूबलाइटभोवती जमते तेव्हा मला फोन वाढतात. शेतं-मळे जवळ असलेल्या भागात, मखमलाबाद, आडगाव, पाथर्डीकडे, तर जास्तच. सूर्य मावळल्यापासून पुढचा तासभर गॅलरीतला आणि खिडकीजवळचा पांढरा दिवा लावू नका, किंवा पिवळा कमी उजेडाचा लावा. आठवडाभर करून बघा. येणं थांबलं तर तुमच्या घरात त्यांचा मुक्काम नाही, नुसती चुकून भेट होती, आणि पुढचं काही करायची गरज नाही.

पोर्चमधल्या शिंतोड्यांचंही इथेच उरकतो. ते काम फळं खाणाऱ्यांचं. झाडावरून फळ तोडायचं आणि निवांत जागी लटकून खायचं ही त्यांची रीत. तुमचा पोर्च म्हणजे त्यांचं जेवणाचं टेबल, ते तिथे राहत नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला रस्त्याकडेच्या हिरव्या अशोकाची फळं पिकतात तेव्हा हे हमखास वाढतं. ते ज्या हुकाला, वायरीला किंवा झुंबराला लटकतात ते काढा किंवा गुळगुळीत पाइपने झाका. तिथे रात्रभर एक दिवा लावा (वरच्या सल्ल्याच्या उलट आहे, पण पाहुणाही वेगळा आहे). गॅलरीत केळीचा घड टांगायचा नाही. झाडाखाली पडलेलं अर्धवट खाल्लेलं पेरू-चिकू धुऊनसुद्धा खाऊ नका. २०१८ मध्ये केरळातल्या कोझिकोडला वटवाघळांतून पसरणाऱ्या निपाह विषाणूची साथ आली तेव्हापासून ही सूचना सगळ्यांनी ऐकलेली आहे, आणि २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या खुणा सापडल्या होत्या. पण तेवढ्यासाठी झाड तोडू नका. फळ टाकून द्या, एवढंच.

तिसरी: लेंडी कोणाची

उंदरासाठी वटवाघळाचा आणि वटवाघळासाठी पालीचा उपाय करण्यात लोकांचे महिने जातात. लेंडी काडीने कागदावर घ्या, दुसऱ्या काडीने दाबा. वाळलेली उंदराची टणक असते. वटवाघळाची भुगा होते आणि भुग्यात चकचकीत कण दिसतात, ते किड्यांचे पंख. टोकाला पांढरा ठिपका असेल तर पाल. पडते कुठे तेही बघा. उंदीर चालत चालत टाकतो, वटवाघळाच्या लेंड्यांचा एका जागी ढीग होतो, कारण त्या त्याच्या बसायच्या जागेच्या बरोबर खाली पडतात. ढीग सापडला की मान वर करा.

चौथी: अर्धा तास खुर्ची टाकून बसा

हिच्याशिवाय मी आता हत्यारांची पिशवी उघडत नाही. वर्षानुवर्षं मी उलटं करत होतो. आतून शोधायचो, पडदे झटकायचो. वाट बाहेरून दिसते.

सूर्यास्ताच्या दहा मिनिटं आधी घराबाहेर खुर्ची टाका. नाशकात डिसेंबरात सहाच्या सुमाराला, जूनमध्ये सव्वासातच्या सुमाराला सूर्य मावळतो. इमारतीच्या एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला घरातलं दुसरं कोणी. मोबाइल खिशात. भिंतीकडे बघायचं, आकाशाकडे नाही. काळोख व्हायला लागला की कुठल्यातरी फटीतून दगड टाकल्यासारखं एक खाली पडेल आणि मग उडेल. मिनिटभराने दुसरं. मोजा. दोन-चार असतील तर ते तुम्ही हाताळू शकता. वीस-पंचवीसच्या पुढे गेले तर शेवटच्या भागात सांगतो ते बघा.

संध्याकाळी नाही दिसलं तर पहाटे उजाडायच्या आधी बसा. परत येताना ती भोकासमोर दोन-चार चकरा मारून मग शिरतात, त्यामुळे पहाटे ओळखणं उलट सोपं जातं. दिवसा त्या जागेकडे बघितलंत तर फटीच्या कडेला अंग घासून झालेला काळपट तेलकट डाग दिसेल, खाली भिंतीवर लेंड्या चिकटलेल्या.

एकही बाहेर पडलं नाही, दोन दिवस बसूनही? मग मुक्काम नाही. परत पहिल्या दोन तपासण्यांकडे जा.

पाचवी: भिंतीतली भोकं

फ्लॅटमध्ये माझी पहिली शंका एसीवर. गंगापूर रोडला पाचव्या मजल्यावर एक कुटुंब राहायला आलं आणि दर आठवड्याला कपाटाच्या वरून वटवाघूळ निघायचं. पाचव्या मजल्यावर कसं येईल म्हणून घरमालक हसत होता. आधीच्या भाडेकरूने एसी काढून नेला होता आणि पाइपाचं भोक कपाटाने झाकून ठेवलं होतं. बाहेरून ते तसंच उघडं. आत दोन वटवाघळं मजेत राहत होती, आणि बाहेर जायचं सोडून कधीतरी आतल्या बाजूने निघायची. एवढंच.

म्हणून हे बघा: एसीच्या पाइपाभोवतीची जागा, बंद पडलेल्या एक्झॉस्ट फॅनची झडप, बाथरूमच्या व्हेंटिलेटरची सुटी काच, केबलवाल्याने पाडून ठेवलेलं भोक, रोलिंग शटरची वरची पेटी, दुकानाच्या फलकामागची पोकळी, दोन विंगांच्या मधला इमारतीचा सांधा. या सांध्यात वटवाघळं हमखास असतात आणि तिथून त्यांना कोणाच्याही फ्लॅटमध्ये जाता येतं. तो सोसायटीचा विषय आहे, एकट्याने हात घालू नका.

बुजवायला चौकोनी भोकांची वेल्डेड जाळी घ्या, पाव इंची. ती खिळ्यांनी किंवा स्क्रूने बसवून वरून सिमेंट. नुसता फोम भरला तर उंदीर पोखरतात आणि वर्षात फट परत. एसीच्या पाइपाभोवती मात्र पुट्टी किंवा एमसील चालतं. हवा खेळायची जागा असेल तर सिमेंट नको, जाळीच ठेवा.

पण थांबा. बुजवायच्या आधी पुढचं वाचा, कारण इथे मी एकदा फार वाईट चुकलो.

मी केलेली चूक

पंचवटीतला जुना वाडा. कडीपाटाचं छत, तुळया, वर कौलं, मधल्या पोकळीत वटवाघळं. वाड्यातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या, नातवंडं सुट्टीला आलेली, "भाऊ, आजच्या आज बंद कर." जून महिना. सकाळी अकराला शिडी लावली, तुळईच्या शेजारची फट सापडली, तासाभरात सिमेंट भरून मोकळा. पैसे घेतले, गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) जाऊन चहा पिऊन आलो.

संध्याकाळी फोन. दिवसा ती सगळी आतच झोपलेली होती. बाहेरची वाट बंद झाल्यावर त्यांनी कडीपाटाच्या फळ्यांमधून खालची वाट काढली. माजघरात सतरा वटवाघळं. आजी देवघरात बसलेल्या, पोरं अंगणात. मी जाऊन सिमेंट फोडलं, तेव्हा बाकीची गेली. तिसऱ्या दिवशी वास सुटला. वर पिल्लं होती, ती कुठल्यातरी बेचक्यात अडकून मेलेली.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. दिवसा कधीच बुजवायचं नाही, कारण ती आत असतात. रात्री सगळी बाहेर गेल्यावरही पिल्लांच्या दिवसांत बुजवायचं नाही, कारण न उडणारं पिल्लू आतच लटकलेलं असतं आणि आई बाहेर राहते. आपल्याकडे उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत पिल्लं असण्याचा संभव जास्त, म्हणून मी असली कामं दिवाळीनंतर घेतो. काही जातींना वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा पिल्लं होतात, त्यामुळे कॅलेंडर बघूनसुद्धा खात्री धरत नाही. थोरली बाहेर पडल्यावर अर्ध्या तासाने छताला कान लावतो. आतून बारीक किचकिच येत असेल तर काम पुढे ढकलतो, गिऱ्हाईक कितीही रागावलं तरी.

सहावी: एकेरी वाट

मुक्काम आहे, वाट सापडली, पिल्लं नाहीत. आता भोक बुजवायचं नाही, त्यातून फक्त बाहेर जाता येईल असं करायचं. दोन इंची पीव्हीसी पाइपाचा दहा इंचांचा तुकडा. प्लंबरकडे भंगारात मिळतो. आतून गुळगुळीत हवा. तो फटीत असा बसवायचा की बाहेरचं तोंड खाली उतरतं राहील आणि आतलं टोक आत फार घुसणार नाही. आजूबाजूची जागा जाळीने बंद. वटवाघूळ आतून पाइपात शिरतं, घसरत बाहेर पडतं. परत येताना ते आधी भिंतीला पकडून मग सरपटत आत जातं, आणि गुळगुळीत पाइपाला नखं लागत नाहीत.

लांब खाचेसाठी पाइप जमत नाही. तिथे बारीक जाळीचा तुकडा वरून आणि दोन्ही बाजूंनी चिकटवायचा, खालची बाजू सुटी, फटीच्या खाली दीडेक फूट लोंबती. ती जाळीच्या आतून खाली सरकून निघतात, आणि परत येताना वर फटीपाशीच धडकत राहतात.

पाच ते सात रात्री तसंच ठेवायचं. रोज संध्याकाळी खुर्ची टाकून मोजायचं. सलग दोन दिवस एकही निघालं नाही की पाइप काढून जाळी आणि सिमेंट. याच आठवड्यात बाकीच्या फटी आधी बंद केलेल्या असायला हव्यात, नाहीतर ती शेजारच्या फटीतून परत येतात आणि तुम्ही पाइपाला नावं ठेवता.

जे करू नये ते

डांबरगोळ्या टाकू नका. छतात टाकलेल्या गोळ्यांची वाफ शेवटी तुमच्याच नाकात येते, आणि वास उडाला की वटवाघळं हजर. धुरी केली तर ती बाहेर जातात असं नाही, अनेकदा खाली खोलीत उतरतात. उंदराचा चिकट पुठ्ठा लावला की जिवंत, चिडलेलं वटवाघूळ तुम्हालाच सोडवावं लागतं. आवाजाची यंत्रं मी चार घरांत बघितली, चारही घरांत यंत्र चालू होतं आणि वटवाघूळही.

मारायचा विचार असेल तर तोही सोडा. फळं खाणारी वटवाघळं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, पण २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. आता "ते तर चालतं" म्हणायला जागा नाही.

आणि अपशकुनाचं म्हणाल तर, काही घरांत मला शांतीचं सामान मांडलेलं दिसतं. करा शांती, मी नको म्हणत नाही. पण एसीचं भोक बुजवून मग करा.

माणूस कधी बोलवायचा

दुसऱ्या मजल्याच्या वर बाहेरून काम असेल तर. मी स्वतः झुल्यावाल्याला (दोरावर झुला सोडून बाहेरच्या भिंतीवर काम करणाऱ्याला) बोलावतो, शिडी बांधून चढत नाही. सीलिंगच्या आत वायरिंग असेल तर आधी वायरमन. जुन्या वाड्याची फळी उचकटायची असेल तर सुतार, कारण एक फळी काढली की शेजारच्या तीन मोडतात. वीस-पंचवीसपेक्षा जास्त निघाली, पिल्लं दिसली, किंवा कोणती जात आहे ते कळत नसेल तर वन विभागाला विचारा.

साचलेली विष्ठा हा वेगळाच धोका. तिच्यावर वाढणाऱ्या बुरशीचे कण श्वासातून गेले तर फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. चार लेंड्यांना घाबरू नका, ओल्या फडक्याने पुसा, हात धुवा. छोटा ढीग असेल तर एन ९५ मास्क आणि हातमोजे घालून आधी पाणी शिंपडा, चांगलं भिजू द्या, मग पत्र्याने ओढून पिशवीत भरा. कोरडा झाडू नाही, व्हॅक्यूम तर मुळीच नाही. पोतं भरेल एवढं असेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर सफाई करणाऱ्यांना द्या आणि तेवढा दिवस घराबाहेर काढा.

पंचवटीच्या त्या वाड्यात मी डिसेंबरात परत गेलो, पैसे न घेता. चार फटी जाळीने बंद केल्या, पाचवीला पाइप लावला. आठव्या दिवशी पाइप काढायला शिडी लावली तर आजी खालून म्हणाल्या, "मागे गोठ्याच्या आढ्याला एक खाच आहे, ती नको बुजवू." गोठ्यात आता गाय नाही, जुनी लाकडं आहेत. ती खाच मी तशीच ठेवली. परवा संध्याकाळी तिकडून चाललो होतो तेव्हा थांबून मोजली, अकरा निघाली.